गाडीसाठी स्वतःचा स्कॅनर घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीचा स्कॅनर म्हणजे नेमके काय आणि तो काय करतो?

आजच्या गाडीत इंजिनाचा सारा कारभार ईसीयू नावाच्या एका छोट्या संगणकाकडे असतो. इंजिनात हवा किती आली, पाणी किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, क्रँकशाफ्ट किती वेगाने फिरतो आहे, ही माहिती तो निरनिराळ्या सेन्सरांकडून सतत घेत असतो. मिळालेला आकडा अपेक्षित मर्यादेत बसला नाही, तर तो त्या गोष्टीची एका ठरावीक कोडच्या रूपात नोंद करतो आणि बाब पुरेशी गंभीर असेल तर डॅशबोर्डवरची चेक इंजिनची लाइट पेटवतो. स्कॅनर हे ही नोंद वाचणारे उपकरण आहे. तो स्वतः काहीही तपासत नाही. गाडीने आधीच टिपून ठेवलेले आणि त्या क्षणी सेन्सर जे सांगत आहेत, तेवढेच तो आपल्यासमोर मांडतो. पुढची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती सुरुवातीलाच सांगितली.

माझ्या गाडीला तो चालेल का?

गाडी फार जुनी नसेल तर बहुधा चालेल. ओबीडी-२ ही, म्हणजे गाडीने नोंदलेले दोष एका ठरावीक सॉकेटमधून वाचण्याची सामाईक पद्धत, अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सर्व मोटारींना आणि हलक्या ट्रकना सक्तीची झाली; युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना २००४ पासून तसाच नियम आला, आणि इतर देशांनीही पुढे आपापल्या वेळापत्रकानुसार तो स्वीकारला. या पद्धतीचे सॉकेट १६ पिनांचे असते, वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद अशा आकाराचे, आणि ते बहुधा स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याच्या जवळपास सापडते. काही गाड्यांत ते एखाद्या छोट्या झाकणामागे दडलेले असते. मात्र नियम लागू होण्याच्या आधीच्या काही गाड्यांत सॉकेट याच आकाराचे असले तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असते आणि साधा स्कॅनर तिथे निरुत्तर होतो.

स्कॅनर लावूनही त्याची स्क्रीन उजळली नाही, तर तो खराब आहे असे लगेच ठरवू नये. सॉकेटच्या १६ व्या पिनवर बॅटरीचा थेट पुरवठा येतो, आणि बऱ्याच गाड्यांत या पुरवठ्याचा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटशी सामाईक असतो. कधीतरी मोबाइल चार्जरमुळे तो फ्यूज उडालेला असतो आणि कोणाच्या लक्षातही आलेले नसते.

मग घ्यावा की नाही?

माझे मत स्पष्ट आहे: गाडीची वॉरंटी संपली असेल आणि ती आणखी काही वर्षे वापरायची असेल, तर कोड वाचणारा आणि चालू आकडे दाखवणारा साधा स्कॅनर प्रत्येक गाडीमालकाने जवळ ठेवावा. त्याहून मोठा, महागडा स्कॅनर मात्र स्वतः पाने हातात घेऊन काम करणाऱ्यानेच घ्यावा.

साध्या स्कॅनरचा आग्रह धरण्यामागे एक कारण आहे. चेक इंजिनची पिवळी लाइट एकच असते, पण तिच्यामागची कारणे शेकडो असतात. टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेची गळती तपासण्याची सोय असलेल्या गाड्यांत टाकीचे झाकण नीट न बसल्यानेही ती पेटते, आणि इंजिनाचा एक सिलिंडर नीट काम करत नसला तरी तीच पेटते. पहिल्या बाबतीत झाकण घट्ट करून निवांत पुढे जाता येते. दुसऱ्या बाबतीत तशीच गाडी दामटली, तर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसारखा महागडा भाग जळून जाऊ शकतो. रात्रीच्या वेळी, घरापासून दूर, मागच्या सीटवर मुले झोपलेली असताना ही लाइट पेटली, की पुढे जावे की थांबावे हा प्रश्न अगदी खरा असतो. त्या क्षणी दोन मिनिटांत मिळणारे उत्तर हीच या उपकरणाची खरी किंमत आहे. गाडी स्वतः दुरुस्त करण्यासाठी तो घ्यावा असे मी कधीच सांगत नाही.

कोणाला याची गरज नाही?

गाडी वॉरंटीत असेल, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय ती कुठेही जात नसेल आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलली जात असेल, तर स्कॅनर कपाटातच पडून राहील. शिवाय स्क्रीनवर कोड दिसला की मनाची घालमेल होते, सुटे भाग मागवावेसे वाटतात, असा ज्यांचा स्वभाव आहे, त्यांनीही तो न घेतलेला बरा. हे मी कमीपणाने म्हणत नाही. अर्धवट माहितीवर केलेला खर्च हा पूर्ण अज्ञानात केलेल्या खर्चापेक्षा अनेकदा मोठा निघतो.

बाजारात इतके प्रकार आहेत. त्यांतला कोणता घ्यावा?

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे सॉकेटमध्ये बसणारा छोटा अडॅप्टर, जो ब्लूटूथने किंवा वायफायने मोबाइलला जोडला जातो आणि सगळे काही मोबाइलमधल्या ॲपवर दिसते. दुसरा हातात धरायचा, वायरचा, स्वतःची स्क्रीन असलेला स्कॅनर. तिसरा म्हणजे टॅबलेटसारखा दिसणारा, दोन्ही बाजूंनी बोलणारा स्कॅनर: तो गाडीकडून माहिती घेतो आणि गाडीला आज्ञाही देतो, जसे की रेडिएटरचा पंखा सुरू कर, एबीएसच्या युनिटमधली हवा काढताना त्यातला पंप चालव, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक पॅड बदलण्याच्या स्थितीत ने.

मोबाइल हाताळण्याची सवय असलेल्याला पहिला प्रकार पुरेसा आहे. ज्याला ॲप, जोडणी, परवानग्या यांचा त्रास नको आहे, किंवा घरातल्या दोघा-तिघांनी तो वापरायचा आहे, त्याने वायरचा घ्यावा. तो सॉकेटमधून वीज घेतो, लावला की सुरू होतो आणि दहा वर्षांनीही तसाच चालतो. तिसऱ्या प्रकाराच्या बाबतीत विकत घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारावी: सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षे मोफत आहेत आणि मुदत संपल्यावर उपकरण चालू राहते की बंद पडते? पुष्कळ जण हे विचारत नाहीत आणि नंतर दरवर्षीच्या वर्गणीत अडकतात.

कोणताही प्रकार घेतला तरी त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात: नोंदलेले आणि प्रलंबित (एकदा आढळलेले, पण अजून पक्के न झालेले) असे दोन्ही कोड, फ्रीझ फ्रेम (बिघाड नोंदला गेला त्या क्षणाचे आकडे), चालू आकडे आणि स्वयंचाचण्यांची, म्हणजे गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या घेते त्या चाचण्यांची, स्थिती. केवळ कोड दाखवणारा आणि पुसणारा स्कॅनर घेऊ नये, कारण त्यातला पुसण्याचा भागच लोक जास्त वापरतात.

अगदी स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर चालतात का?

काही चालतात, काही नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. या अडॅप्टरांचे मूळ ईएलएम३२७ या चिपमध्ये आहे. ती एका कॅनडियन कंपनीने काढली; पुढे तिच्या अगणित नकला बाजारात आल्या. नकली चिप अनेकदा सगळ्या आज्ञा समजू शकत नाही, जोडणी मध्येच तुटते, किंवा एखाद्या जुन्या गाडीची भाषा तिला येतच नाही. मोबाइल आयफोन असेल तर अडॅप्टर वायफायचा किंवा ब्लूटूथच्या कमी ऊर्जा लागणाऱ्या प्रकाराचा आहे ना, हे आधी पाहावे. जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ अडॅप्टर बहुधा अँड्रॉइडवरच चालतात. सर्वांत स्वस्त वस्तूच्या एक-दोन पायऱ्या वरची घ्यावी, एवढाच सल्ला देतो.

कोड वाचायचा कसा?

कोड पाच चिन्हांचा असतो आणि त्याची रचना समजली की तो अंकांचा गोंधळ वाटत नाही. पहिले अक्षर विभाग सांगते: पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन असा चॅसिसचा भाग, बी म्हणजे एअरबॅग, एसी वगैरे बॉडीकडचा भाग आणि यू म्हणजे गाडीतल्या संगणकांचे आपापसातले दळणवळण. पीच्या कोडमध्ये दुसऱ्या जागी शून्य असेल तर त्याचा अर्थ सर्व कंपन्यांमध्ये सारखाच असतो. एक असेल तर तो त्या कंपनीचा खास कोड असतो आणि त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या कागदपत्रांत पाहावा लागतो. तिसरा अंक उपविभाग दाखवतो; उदाहरणार्थ, ३ हा अंक इग्निशन आणि मिसफायरकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याकडे, बोट दाखवतो. म्हणून पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०४ म्हणजे चौथ्यात, आणि पी०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरपुरता मर्यादित नसलेला मिसफायर. गॅरेजमध्ये ज्याला ‘गाडी मिसिंग करते’ म्हणतात, तेच हे.

कोड मिळाला म्हणजे कोणता भाग बदलायचा ते कळले, असे समजावे का?

नाही, आणि या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. कोड हा लक्षणाचे किंवा सर्किटचे नाव सांगतो, दोषी भागाचे नाही. तापमापक ताप आहे एवढे सांगतो. तो कशाचा, हे नाही.

माझ्याच गाडीचे उदाहरण देतो. लाइट पेटली, कोड आला पी०१७१, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. एका गॅरेजमध्ये नेली. तिथे कोड पाहताक्षणी ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा निर्णय झाला, कारण हवा-इंधनाच्या प्रमाणाची तक्रार तोच सेन्सर करतो. सेन्सर बदलला, कोड पुसला, पैसे दिले आणि चार दिवसांनी तीच लाइट पुन्हा पेटली. तेव्हा मी पहिल्यांदा स्कॅनर घेतला आणि कोडऐवजी चालू आकडे पाहायला बसलो. इंजिन जागेवर, म्हणजे आयडलिंगला, चालू असताना संगणक ठरलेल्यापेक्षा सुमारे २२ टक्के जास्त इंधन देत होता. ॲक्सिलरेटर दाबून फेरे मिनिटाला २५०० वर नेले की तोच आकडा ६ टक्क्यांवर उतरायचा. याचा अर्थ असा, की हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून कुठून तरी थोडी हवा आत शिरत होती. आयडलिंगला इंजिन मुळातच कमी हवा घेते, म्हणून ती चोरटी हवा प्रमाणाने मोठी ठरायची. फेरे वाढले की एकूण हवेत ती बुडून जायची.

एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप मी हाताने चाचपत गेलो. वरून तो अगदी धडधाकट दिसत होता. त्याच्या वळ्यांचा भाग हाताने वाकवला, तेव्हा खालच्या बाजूच्या एका घडीत बोटाच्या पेराएवढी चीर उघडली आणि सोडल्यावर पुन्हा मिटली. ऑक्सिजन सेन्सर बिचारा पहिल्या दिवसापासून खरे बोलत होता. त्यालाच काढून फेकले गेले. पाइप बदलल्यावर दोन्ही आकडे दोन-तीन टक्क्यांच्या आत आले आणि त्यानंतर तो कोड आला नाही.

हीच चूक पी०४२० या कोडच्या बाबतीत फार वेळा होते. त्याचा अर्थ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली आहे, आणि कन्व्हर्टर खराब झालेला असू शकतोही. पण ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडात गळती असेल, कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर मंदावला असेल किंवा कित्येक महिने इंजिन मिसिंग करत असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. आणि मिसिंग तसेच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

चालू आकड्यांमध्ये सामान्य माणसाने काय पाहावे?

ॲपमध्ये पन्नासएक आकडे दिसतात, पण सुरुवातीला चार पुरेसे आहेत.

पहिला, कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, तापमान. इंजिन नीट तापल्यावर ते बहुतेक गाड्यांत ८५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्थिरावते. बराच वेळ चालवूनही ते ७०च्या पुढे जात नसेल, तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप) उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी असते. गाडी चालते, पण इंधन जास्त खाते. डॅशबोर्डवरचा काटा अनेक गाड्यांत मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो आणि बऱ्याच मोठ्या फरकानेही हलत नाही, म्हणून इथे स्कॅनरचा आकडाच विश्वासार्ह.

दुसरा, सकाळी थंड इंजिनावर पाहायचा आकडा: रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे. त्यांत मोठी तफावत असेल तर दोनपैकी एक सेन्सर खोटे सांगतो आहे. आणि एखादा सेन्सर उणे ४० अंश दाखवत असेल, तर बहुधा त्याची वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे. सेन्सर बदलण्याआधी तो कनेक्टर हलवून पाहावा.

तिसरा, बॅटरीचा व्होल्टेज. इंजिन बंद आणि गाडी काही तास उभी असताना पूर्ण भरलेली साधी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू झाल्यावर तो साधारण १३.५ ते १४.७ पर्यंत चढतो. इंजिन चालू असूनही आकडा १२च्या घरातच रेंगाळत असेल तर अल्टरनेटरकडे पाहावे. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे एकाच क्षणाचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये.

चौथा, वर सांगितलेला इंधनाच्या दुरुस्तीचा आकडा, ज्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. तो तात्कालिक आणि दीर्घकालीन अशा दोन रूपांत दिसतो. दोन्हींची बेरीज शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. अधिक असेल तर संगणक जास्त इंधन घालतो आहे, उणे असेल तर कमी करतो आहे.

माझी सूचना अशी, की गाडी ठणठणीत असताना एकदा हे चारही आकडे वहीत लिहून ठेवावेत. बिघाडाच्या दिवशी पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा आपल्याच गाडीचा जुना आकडा कितीतरी अधिक सांगून जातो, आणि हे काम कोणतेही गॅरेज आपल्यासाठी करत नाही.

कोड पुसून टाकला तर काय बिघडते?

बरेच काही. पुसण्याच्या आज्ञेने कोडसोबत फ्रीझ फ्रेमही जाते. फ्रीझ फ्रेम म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणाचे चित्र: तेव्हा वेग किती होता, इंजिन गरम होते की थंड, त्यावर भार किती होता. अधूनमधून येणारा दोष शोधताना मेकॅनिकच्या हातात एवढाच धागा असतो. त्याशिवाय गाडीने स्वतःच्या यंत्रणांच्या ज्या चाचण्या पूर्ण केलेल्या असतात, त्याही ‘अपूर्ण’ स्थितीत जातात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला कित्येक दिवसांचे वेगवेगळ्या प्रकारचे ड्रायव्हिंग लागू शकते. जिथे प्रदूषण चाचणीत सॉकेटमधून ही स्थिती पाहिली जाते, तिथे चाचणीच्या आदल्या दिवशी कोड पुसणाऱ्याची गाडी त्यामुळेच परत पाठवली जाते.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी कोड, प्रलंबित कोड आणि फ्रीझ फ्रेम यांचे फोटो काढावेत, दुरुस्ती करावी आणि मगच पुसावे. खरे तर दुरुस्ती योग्य झाली असेल तर पुसण्याचीही नेहमी गरज नसते. सलग तीन फेऱ्यांत (इंजिन सुरू करून, गाडी चालवून ते बंद करणे म्हणजे एक फेरी) दोष पुन्हा आढळला नाही तर लाइट आपोआप विझते, आणि जुना कोडही साधारण ४० वेळा इंजिन थंडचे गरम झाल्यावर स्मृतीतून निघून जातो.

चेक इंजिनची लाइट लुकलुकत असेल तर?

स्थिर लाइट आणि लुकलुकणारी लाइट यांत फार मोठा फरक आहे. पेट्रोल गाडीत ती लुकलुकते, याचा अर्थ मिसफायर इतका तीव्र आहे की न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आहे आणि तो भाग तापून निकामी होण्याचा धोका आहे. अशा वेळी स्कॅनर शोधत बसू नये. वेग कमी करावा, सुरक्षित जागी थांबावे आणि इंजिन बंद करावे. तेलाच्या दाबाची किंवा तापमानाची लाल लाइट पेटली असेल तरीही हेच करावे. त्या लाइटचे उत्तर स्कॅनरमध्ये नसते.

गाडी नीट चालत नाही, पण कोड काहीच नाही. असे का?

कारण संगणकाला सेन्सर जिथे आहे तेवढेच दिसते. घासलेले ब्रेक, सैल बॉल जॉइंट, घसरणारा क्लच, झिजलेले इंजिन माउंटिंग, चाकाच्या बेअरिंगचा आवाज यांचा कोड येत नाही. शिवाय अनेक दोष सलग दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय लाइट पेटत नाही. पहिल्या फेरीनंतर ते प्रलंबित कोडमध्ये दिसतात, म्हणून ती यादी उघडून पाहावी. ‘कोड नाही म्हणजे गाडी ठीक आहे’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडून ऐकले तर त्यावर विसंबू नये.

जुनी गाडी घेताना स्कॅनरचा उपयोग होतो का?

होतो, आणि साध्या स्कॅनरचा खर्च एकाच वेळी वसूल होण्याचा हा प्रसंग आहे. कोड नाहीत हे पाहून समाधान मानू नये. स्वयंचाचण्यांची स्थिती पाहावी. रोज वापरात असलेल्या गाडीत जवळपास सगळ्या चाचण्या पूर्ण झालेल्या असतात. बहुतेक अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसले गेले आहेत किंवा बॅटरी काढली गेली आहे. बऱ्याच गाड्या याहून नेमकी माहितीही देतात: कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा चालू माहितीत असतो. तिथे १२ किलोमीटर दिसले, तर आदल्या दिवशी काय पुसले, हे विक्रेत्याला सरळ विचारावे. बॅटरी बदलली असे उत्तर आले, तर ते खरेही असू शकते. मग आठवडाभर गाडी वापरल्यावर पुन्हा तपासू द्याल का, असे विचारावे. या प्रश्नावर माणूस कसा वागतो, त्यावरून पुष्कळ कळते.

एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या स्कॅनरवर दिसतात का?

सहसा नाही. ओबीडी-२ ची सक्ती मुळात धुरातल्या प्रदूषणासाठी झाली, म्हणून सर्वांना सामाईक असलेला भाग इंजिन आणि त्याच्याशी निगडित यंत्रणांपुरता आहे. एबीएस, एअरबॅग, एसी यांच्याशी बोलायला त्या कंपनीची भाषा येणारा स्कॅनर लागतो. एअरबॅगच्या बाबतीत कोड वाचता आला तरी तिच्या वायरिंगला स्वतः हात लावू नये. हा नियम मी कोणत्याही अपवादाशिवाय पाळतो.

डिझेल गाडीला काही वेगळे लागते का?

मूलभूत कोड तसेच वाचता येतात. काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर ज्या गाडीत आहे, तिथे मात्र त्या फिल्टरमधली काजळी किती भरली आहे आणि तो शेवटचा केव्हा जाळून साफ झाला, हे दाखवणारे ॲप मिळाले तर अवश्य वापरावे. केवळ छोट्या अंतरांसाठी वापरल्या जाणाऱ्या डिझेल गाडीत हा फिल्टर वारंवार भरतो, कारण साफसफाई पूर्ण होण्याआधीच इंजिन बंद केले जाते. स्कॅनरने सक्तीची साफसफाई सुरू करता येते, पण तेव्हा एक्झॉस्ट अतिशय तापतो. वाळलेल्या गवतावर किंवा बंद जागेत ती कधीही करू नये.

विजेवर चालणाऱ्या गाडीला स्कॅनर लागतो का?

धूरच नसल्याने प्रदूषणाचे सामाईक कोड तिथे फारसे कामाचे नसतात. सॉकेट पुष्कळदा असते आणि त्या विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेल्या ॲपवर मोठ्या बॅटरीचे आरोग्य, सेलांमधला व्होल्टेजचा फरक अशी माहिती दिसू शकते. त्यासाठी आधी ॲप शोधावे आणि मग त्याला चालणारा अडॅप्टर घ्यावा.

अडॅप्टर सॉकेटमध्ये कायम लावून ठेवला तर चालेल का?

लावून ठेवू नये. तो थोडी का होईना, वीज सतत ओढत राहतो, आणि काही गाड्यांत तर त्याच्यामुळे संगणक झोपतच नाहीत. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. हे सॉकेट गाडीच्या अंतर्गत जाळ्याचे दार आहे. २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी अशाच एका सॉकेटमध्ये लावायच्या, मोबाइल नेटवर्कशी जोडलेल्या उपकरणाला एसएमएस पाठवून गाडीचे वायपर चालवून दाखवले होते आणि कमी वेगात तिचे ब्रेकही ताब्यात घेतले होते. साध्या ब्लूटूथ अडॅप्टरला मोबाइल नेटवर्क नसते, तरी जोडणीला पासवर्ड नसलेला अडॅप्टर पार्किंगमध्ये दिवसरात्र उघडा ठेवण्याचे काहीच कारण नाही. तिसरी गोष्ट अगदी साधी: सॉकेट पॅडलच्या वरच असते, आणि निसटून ब्रेकखाली अडकलेला अडॅप्टर किंवा लोंबणारी वायर जिवावर बेतू शकते.

स्कॅनर लावल्याने गाडी बिघडते का, किंवा वॉरंटी जाते का?

कोड आणि आकडे वाचल्याने गाडीत काहीही बदलत नाही. बदल होतो तो पुसण्याने, कोडिंगने (गाडीच्या संगणकातल्या नोंदी आणि सेटिंग बदलण्याने) आणि इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलण्याने. कोडिंगच्या मेनूत ‘बघू या काय होते’ म्हणून शिरू नये. इंजेक्टरचा क्रमांक किंवा स्टिअरिंगच्या कोनाची शून्य स्थिती चुकीची भरली गेली, तर ती पूर्ववत करायला सर्व्हिस सेंटरच गाठावे लागते. वॉरंटीतल्या गाडीवर वाचण्यापलीकडे काहीच करू नये. काही कंपन्यांच्या नव्या मॉडेलांत पुसणे, कोडिंग अशा आज्ञांसाठी नोंदणीकृत परवाना लागतो. तिथे स्कॅनर आकडे दाखवतो, पण कोड पुसायला नकार देतो. तो उपकरणाचा दोष नव्हे.

कोड घेऊन गेलो तर मेकॅनिकला राग येत नाही का?

‘हा कोड आहे, हा भाग बदला’ असे सांगितले तर येतो, आणि तो रास्त आहे. शिवाय तसे सांगून आपण निदानाची जबाबदारी स्वतःकडे घेतो. भाग बदलूनही दोष राहिला तर त्याला विचारणार तरी काय? याउलट लक्षण आधी सांगावे आणि कोड त्याच्या जोडीला द्यावा. मी एका कागदावर एवढेच लिहून नेतो: ‘गरम इंजिनावर, सिग्नलला थांबल्यावर गचके देते. चढावर त्रास नाही. पी०३०३, फ्रीझ फ्रेममध्ये वेग शून्य, कूलंट ९२ अंश. तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केलेली नाही. कोड पुसलेला नाही.’ शेवटची दोन वाक्ये वाचून चांगला मेकॅनिक खुर्ची पुढे ओढतो, कारण कुठून सुरुवात करायची हे त्याला तिथेच कळलेले असते: कॉइलची, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाची, जागा बदलायची, आणि कोड तिच्यामागे दुसऱ्या सिलिंडरवर जातो का ते पाहायचे. गेला तर कॉइल खराब. नाही गेला तर स्पार्क प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन, या क्रमाने.